मान जरा तिकडे वळव

बाबा, तुमचा तो स्टुडिओतला फोटो गेल्या आठवड्यात धाकट्याने माझ्या टेबलावर आणून ठेवला. नवी फ्रेम करून आणली होती, सोनेरी काठाची. म्हणाला, ताई, रविवारी आमचा चौघांचा असाच एक काढ. अगदी असाच. असाच म्हणजे कसा, ते त्याला ठाऊक नाही. तो तेव्हा अडीच वर्षांचा होता. तुम्हाला ठाऊक होतं, आईला होतं, ज्याने काढला त्या फोटोग्राफरला होतं, आणि मला आहे. तुम्ही तिघंही गेलात. तुम्हाला जाऊन तर चौदा वर्षं झाली. मेल्या माणसाला वाईट बोलू नये म्हणतात, पण जिवंत होतात तेव्हा तुमच्यापुढे तोंड उघडायची माझी छाती नव्हती. तेव्हा मग बोलायचं तरी कधी? आता ऐका निमूट. उठून ओटीवर जाता येणार नाही तुम्हाला.

तुम्ही होतात तेव्हा मी लग्नांचे फोटो काढायचे, आणि बाईमाणसाने कॅमेरा गळ्यात घालून मांडवभर फिरायचं हे तुम्हाला कधी खपलं नाही. आता लग्नं सोडली. मारुती मंदिराजवळ दोन खोल्यांचा स्टुडिओ आहे माझा, आणि मी फक्त लहान मुलांचे आणि घरच्या माणसांचे फोटो काढते. बरं चालतं. लोक चिपळूणहून येतात, देवदर्शनाला गणपतीपुळ्याला आलेले थांबतात. फोटो काढणं त्यातलं सोपं काम. कठीण काम असतं आधीचं, आईबापांना तयार करायचं. मी त्यांना चार दिवस आधी मोबाईलवर सगळं लिहून पाठवते. मुलाला झोप काढून आणा. पोट भरून आणा, मऊ भात नाहीतर केळं, गोड खाऊ नको. कपडे नवे नकोत, दोनदा तरी धुतलेले, अंगाला ओळखीचे हवेत. इथे आल्यावर अर्धा तास नुसतं चटईवर बसायचं, मुलाला खोलीभर हिंडू द्यायचं, कॅमेऱ्याला हात लावू द्यायचा. ‘हस’ म्हणायचं नाही. ‘रडलास तर ती बाई सुई टोचेल’ म्हणायचं नाही, कारण ती बाई मी असते. आणि शेवटची सूचना खास बापांसाठी. बाहेरगावाहून, बोटीवरून, आखातातून आलेल्या बापाने आल्या आल्या फोटोची घाई करायची नाही. पोर आपणहून मांडीवर येऊन बसेपर्यंत थांबायचं, मग आठ दिवस लागोत की पंधरा. लोकांना वाटतं मी कुठूनतरी कोर्स करून आलेय. एका बाईने तर विचारलं, मॅडम, हे सगळं कुठे शिकलात? मी म्हटलं, घरीच.

घरीच म्हणजे त्या वर्षी. मी आठ वर्षांची. तुम्ही शिमग्याला आला नव्हतात, सुट्टी मिळाली नाही असं मुंबईहून कळवलंत, म्हणजे गणपतीनंतर एकदम पुढच्या गणपतीलाच येणार होतात. धाकटा तोवर धावायला लागला, बोलायला लागला, आणि बापूस म्हणजे काय हे त्याला माहीतच नव्हतं. आईला धास्ती की पोराने ओळखलंन नाही तर तुम्हाला काय वाटेल. तेव्हा तिने मला काम नेमून दिलं. तुमचा एक फोटो होता, कंपनीच्या ओळखपत्रावरचा मोठा करून आणलेला, कॉलर बटणापर्यंत लावलेली. तो माजघरात देवाच्या फळीशेजारी लावला होता. त्यात भक्तीबिक्ती काही नव्हती, भिंतीत खिळा तेवढा एकच होता. रोज दिवेलागणीला मी धाकट्याला कडेवर घेऊन तिथे उभी राहायची आणि दाखवायची, हे बाबा. एका बाजूला देव, एका बाजूला तुम्ही, मध्ये समई. तो हात जोडायचा, ‘जय’ म्हणायचा, समईला, गणपतीला, तुम्हाला, एका ओळीत. वाडीतल्या बाया हसायच्या. कोणाला त्यात काही चुकलं असं वाटलं नाही. आमच्या वाडीत निम्म्या घरांतले बाप भिंतीवरच होते.

आलात तुम्ही गणपतीच्या आदल्या दिवशी, हातखंब्याच्या तिठ्यावर उतरून, डोक्यावर ट्रंक. धाकटा तुम्हाला बघून आईच्या पदरात शिरला. तुम्ही तेव्हा हसलात. सजावट, आरत्या, भजनं, यात पाच-सहा दिवस गेले, तुम्हाला वाडीतल्या माणसांतून सवड कुठे होती? रोज रात्री भजनाला, दिवसा झोप. पोराच्या वाटेला आलात ते जेवताना, तेही समोरच्या पाटावर. गौरी-गणपती बोळवले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही फर्मान काढलंत, चला रत्नागिरीला, फोटो काढायचा. तुमच्या खोलीवर प्रत्येकाच्या उशाशी कुटुंबाचा फोटो होता, तुमच्याच नव्हता. कपडे तुम्ही मुंबईहून आणले होते. धाकट्याचा सफारी सूट त्याला छातीवर बसेना, माझा फ्रॉक मागून लागेना. तुम्ही गेल्या वर्षीची पोरं डोळ्यांपुढे ठेवून खरेदी केली होती, आणि पोरं वर्षभरात वाढतात हे तुम्हाला दुकानात कोणी सांगितलं नाही. आईने माझ्या पाठीवर तीन पिना लावल्या. त्यातली एक एस.टी.त बसल्या बसल्या टोचत होती, पण मी बोलले नाही. धाकट्याला गाडी लागली. उपाशी, ओकून दमलेलं, अंगाला आवळलेल्या कपड्यांतलं ते पोर घेऊन आपण स्टुडिओची पायरी चढलो. आज अशी कोणी मंडळी माझ्याकडे आली तर मी त्यांना चहा पाजून परत पाठवीन.

स्टुडिओत मागे पडदा होता, रंगवलेला समुद्र आणि दोन माड. खरा समुद्र तिथून चालत जाण्याइतका, पण तो तुम्हाला नको होता. तुम्ही खुर्चीवर बसलात. फोटोग्राफरने आईला मागे उभं केलं, मला तुमच्या डाव्या हाताला. मग दिवे लावले. तुम्ही हात पुढे केलेत आणि धाकट्याला म्हणालात, ये, बाबाकडे ये. त्या झगझगीत उजेडात तुम्ही ताठ बसलेले, कॉलर बटणापर्यंत लावलेली. त्याने बघितलंन तुमच्याकडे नीट. आणि हसला, बाबा. पहिल्यांदा तुम्हाला बघून हसला. ओळख पटली त्याला. त्याने दोन्ही हात जोडले, डोकं टेकवलं जमिनीला, आणि मोठ्याने म्हणाला, “जय! लवकल या!”

फोटोग्राफर पोट धरून हसला. म्हणाला, कालच विसर्जन झालंय, आज पुन्हा? बाहेर बाकावर बसलेली गिऱ्हाइकंही हसली. मीसुद्धा हसले, मला वाटलं जमलं, ओळखलंन त्याने, आता आई शाबासकी देईल. माझं हसू तोंडावर असतानाच तुमचा हात आला. कानाखाली, डाव्या बाजूला. पाठीतली पिन उघडली आणि आत गेली, तेव्हा कळलं की मी हेलपाटलेय. तुम्ही म्हणालात, “मी काय मेलोय? देवाशेजारी बसवलाव मला?” मग आईकडे वळून, “आवशीनं शिकवलंन हे?” आईने माझ्याकडे एकदा बघितलंन आणि म्हणाली, “होय. मीच.” धाकटा भेदरला. तुम्ही त्याला उचलून मांडीवर घेतलात, आणि त्या बिचाऱ्याने, काय करावं न सुचून, हात पुन्हा जोडले आणि तसेच धरून ठेवले. फोटोग्राफर गडबडीने कॅमेऱ्यामागे गेला, तिथून पुन्हा माझ्याकडे आला. माझ्या गालावर चार बोटं उठली होती. त्याने माझ्या हनुवटीला हात लावला आणि अगदी मायेने म्हणाला, “मान जरा तिकडे वळव, बाय. छान दिसतेस.” मी वळवली. त्याने फोटो काढला.

घरी आल्यावर तुम्ही माझ्याशी अवाक्षर बोलला नाहीत, आईला मात्र जायच्या दिवसापर्यंत सोडलं नाहीत. जिवंतपणी भिंतीवर टांगलंस मला, हे वाक्य मी पडवीतून किती वेळा ऐकलं. खरं तर तुमचा राग स्वतःवर होता. पोर ओळखत नाही याला पोरगी काय करणार, बायको काय करणार? पण वड्याचं तेल वांग्यावर निघालं. तेही मी गिळलं असतं. जे गिळवत नाही ते पुढचं आहे. फोटो तुमच्या खोलीवर गेला, आणि लोक बघायला लागले, अरे वा, पोर बापाला हात जोडून बसलंय! काय संस्कार! पहिल्यांदा तुम्ही काय उत्तर दिलंत मला माहीत नाही. पण दोन-तीन वर्षांत तुम्ही स्वतःच सांगायला लागलात, भर स्टुडिओत माझ्या लेकाने मला साष्टांग घातला, चार लोक बघत राहिले. धाकट्याच्या मुंजीत सांगितलंत, माझ्या लग्नात सांगितलंत. ‘लवकल या’ त्यात नव्हतं. थप्पडही नव्हती. आई जवळ असली तर भांडी आवरायला आत जायची. आणि कोणी विचारलंच की पोरगी का अशी बाजूला बघत्येय, तर तुम्ही म्हणायचात, तिला पहिल्यापासून भारी नखरे. माझ्या नवऱ्याने लग्नानंतर मला तो फोटो दाखवून चिडवलंन, नटीसारखी उभी आहेस. मी हसले. सवय होती.

आता धाकट्याचं सांगते. तो बोटीवर असतो, सात-सात महिने. बायको आणि दोन मुलं इथे रत्नागिरीत. मोठी सात वर्षांची, लहान्याला आत्ता दोन पुरी झाली. तुमचं ते साष्टांगाचं पुराण त्याला तोंडपाठ आहे, इथे असला की तुमच्या श्राद्धाला दरवेळी तो ते पानावर बसलेल्यांना ऐकवतो, आणि सांगताना त्याचे डोळे भरतात. फोटो माझ्यापुढे ठेवून म्हणाला, मी खुर्चीवर, छोटा मांडीवर हात जोडून, ही मागे, आणि आपली चिमणी इकडे, तुझ्यासारखी मान वळवून. मी म्हटलं, तू येऊन चार दिवस झालेत, थांब जरा. तर म्हणतो, ताई, तुझे ते नियम गिऱ्हाइकांना, मी काय परका आहे? मी म्हटलं बरं, पण एक ऐक. चिमणी मान वळवणार नाही. ती सरळ कॅमेऱ्यात बघेल. तो हसला, म्हणाला, त्यात काय एवढं? मी सांगितलं, त्यात एवढं आहे. तेवढ्यावर त्याने मान्य केलंन. खरं सांगते बाबा, पंचवीस वर्षांत मी एकाही पोराला मान वळवायला लावलेली नाही. कोणाचा डोळा सुजलेला असो, दात पडलेला असो, गालाला डाग असो, सरळ बघ म्हणते. एवढं एकच व्रत पाळलंय मी.

काल रविवारी आले चौघं. मी चटई घातली होती, केळी ठेवली होती. छोटा बापाकडे जाईना. तो बापाला रोज संध्याकाळी मोबाईलमध्ये बघतो. चिमणी मोबाईल धरून त्याच्यासमोर बसते, ते काम तिला नेमून दिलंय. खुर्चीवर बसलेल्या माणसाकडे पाठ करून तो आईच्या पर्समधल्या मोबाईलकडे हात करत होता आणि बाबा, बाबा म्हणून रडत होता. धाकटा आधी हसला. मग हसू सुकलं. माझी मदतनीस मुलगी बाजूला उभी होती, दाराशी पुढची मंडळी येऊन बसली होती, त्यांच्यात कोणीतरी म्हणालं, बाप मोबाईलमध्येच बरा. झालं. त्याने हात पुढे करून चिमणीचा दंड धरला. मारलंन नाही, मी कॅमेऱ्याच्या मागून बघत होते, नुसता धरला. पण बोटं रुतली. आणि हळू आवाजात म्हणाला, “तुला सांगितलं होतं ना, त्याला सवय कर म्हणून? एवढं एक काम जमलं नाही?” तिचे डोळे भरले. चिमणीचे डोळे बघून छोटा रडायचा थांबला, बापाने उचललं तसा गुपचूप मांडीवर बसला. मागे त्यांची आई उभी. सगळं एकदम जागेवर आलं, उजेड, चेहरे, हात. फक्त चिमणीच्या उजव्या डोळ्यातून पाणी ओघळायला आलं होतं, ते तेवढं फोटोत येत होतं. आणि मी ऐकलं, माझ्याच तोंडून, अगदी मायेने: “मान जरा तिकडे वळव, बाय. छान दिसतेस.” मी कोणाला बाय म्हणत नाही, बाबा. तो शब्द मी वापरतच नाही. तिने मान वळवली. मी बटण दाबलं.

नंतर पुष्कळ काढले. सगळे उठून खेळले, छोट्याला कॅमेऱ्याचा पट्टा ओढू दिला, केळी संपली. धाकटाही निवळला, चिमणीला पाठीवर घेऊन खोलीभर घोडा झाला, ती खिदळली. तुम्ही आम्हाला कधी पाठीवर घेतलं नाहीत, हेही लिहून ठेवते. तेव्हा त्याला तुमच्या पंगतीत बसवायचं नाही मला. पण निघताना चपला घालता घालता ती मागे फिरली, माझा कुडता ओढला, आणि कानाशी येऊन विचारलंन, “आत्या, मी खरंच छान दिसले ना?” मी होय म्हटलं. काय म्हणणार होते? तिच्या दंडावर काही उरलं नव्हतं, मी बाही सारून बघितलं.

आज सकाळी धाकट्याचा फोन. बाकीचे फोटो मिळाले, ताई, पण तो एक कुठाय? चिमणीने मान वळवली होती तो. तूच वळवायला सांगितलीस शेवटी, मला माहीत होतं तू सांगशील. तो मोठा करायचाय, बाबांच्या शेजारी लावतो. मी म्हटलं, तो हललाय रे, कामाचा नाही. हळहळला बिचारा. तेव्हा वाटलं, सांगावं सगळं, चार बोटं, पिन, आवशीनं शिकवलंन. जिभेवर आलं होतं. पण खरं सांगायला बसलं की पुरं सांगावं लागतं, आणि पुरं मी आईलाही कधी सांगितलं नाही. तिला ते ठाऊक होतं, ती गोष्ट वेगळी.

आईने शिकवलं नव्हतं, बाबा. आईने फक्त फोटो दाखव म्हटलं होतं. हात जोडायला मी शिकवलं. ‘लवकर या’ म्हणायला मी शिकवलं, विसर्जनाच्या कितीतरी आधीपासून, रोज दिवेलागणीला, आणि तो म्हणायच्या आधी मी म्हणायची. मला वाटायचं, गणपतीला म्हटलं की तो दरवर्षी येतो, मग तुम्हालाही म्हणून बघावं. मला तुम्ही लवकर यायला हवे होतात. स्टुडिओत तुम्ही आईला विचारलंत तेव्हा मी तिथेच उभी होते, गालाला हात लावून, आणि तिला होय म्हणू दिलं.

हे कागद मी त्या सोनेरी फ्रेमच्या मागे घालणार होते, पण धाकटा उद्या ती न्यायला येईल. फ्रेम देईन त्याला पुसून. तो दुसरा फोटो माझ्या संगणकात आहे, मघापासून चार वेळा उघडून बघितला. तो हललेला नाही. माझा हात जरासुद्धा हलला नव्हता.